दोन ठोके

“बोलू नका सर. दम बी जरा हळूच घ्या,” असं म्हणून गुलाबभाऊंनी मागे न बघता पान्याने भिंतीवर दोनदा ठोकलं.

भिंत प्लायवूडची. तिच्या अलीकडे माझं झेरॉक्सचं दुकान. मी हातातलं काम अर्ध्यावर सोडून मशीन बंद केली आणि चपला न वाजवता त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत पंखा बंद होता. शूटिंग क्लबचे कोच योगेंद्र सर शिक्षा झालेल्या पोरासारखे हात बांधून कोपऱ्यात उभे होते. टेबलावर दप्तराएवढं एक यंत्र होतं आणि गुलाबभाऊंनी डोळ्यांवर जाड काचेचा गॉगल चढवून, मान तिरपी करून, त्याला कान लावला होता.

एक मिनिट गेलं. गुलाबभाऊ सरळ झाले, पंख्याचं बटण दाबलं आणि म्हणाले, “पक्की.”

बस, एवढंच. ना गॅरंटी कार्ड, ना शिक्का. गुलाबराव थूल ‘पक्की’ म्हणाले की माणूस मशीन उचलून निघायचा. आठ वर्षांत ‘पक्की’ म्हटलेली एकही मशीन परत आलेली नव्हती. त्या मंगळवारी सर घेऊन गेले ती पहिली.

सावंगीच्या रस्त्यावर आमच्या वडिलांनी, म्हणजे सदाशिवरावांनी, दोन शटरचे गाळे बांधून ठेवले होते. एकात मी मेडिकलच्या पोरापोरींच्या नोट्सच्या प्रती काढतो, दुसऱ्यात गुलाबभाऊ. त्यांच्या पाटीवर वर ‘थूल रेफ्रिजरेशन’ आणि खाली नव्या रंगात ‘एअरगन कॉम्प्रेसर दुरुस्ती’. मागच्या खोल्यांत ते आणि कमलावहिनी राहतात. मुलगी मेघा लग्न होऊन पुलगावला गेली.

फ्रीजचे मिस्त्री आमच्याकडे पायलीचे पन्नास मिळतील. गुलाबभाऊंनीही तीस वर्षं तेच केलं. पण आठ वर्षांपूर्वी योगेंद्र सरांच्या क्लबचा कॉम्प्रेसर बसला. नेमबाजीच्या रायफलला हवेचं छोटं सिलिंडर असतं, ते भरायची ही मशीन. दिसायला एवढीशी, पण मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या शंभरपट दाब तयार करते. कंपनी म्हणाली, दिल्लीला पाठवा, दोन महिने लागतील. सर रडकुंडीला येऊन गुलाबभाऊंकडे आले. भाऊंनी ती वर्तमानपत्रावर पसरली आणि तीन दिवस नुसते तिच्याकडे बघत बसले. वहिनींना वाटलं, ह्यांना कुणी काही केलं. चौथ्या दिवशी ती सुरू झाली. तेव्हापासून अमरावती, यवतमाळ, कुठून कुठून मशिनी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतात.

स्वभावाने माणूस गोड, पण कामाच्या बाबतीत तिखट. वडनेरच्या एका हौशी गृहस्थाने पिस्टनमध्ये शिलाई मशीनचं तेल ओतलं होतं. भाऊंनी त्याला स्टुलावर बसवून सुनावलं, “एवढ्या दाबात साधं तेल आपोआप पेटते, दादा. कपडे शिवाचे होते का मुंडकं उडवाचं होतं?” तो गृहस्थ आता दर दिवाळीला चिवडा पाठवतो.

आणि साबणाचं पाणी. हवा कुठून निसटते ते शोधायला सगळे मिस्त्री जोडांवर साबणाचा फेस लावतात. फुगा आला की गळती सापडली. गुलाबभाऊंना त्याचा भारी तिटकारा. “साबण लावाले मी काय भांडे घासून राह्यलो?” म्हणायचे. त्यांचा सगळा भरवसा कानावर. मशीनमध्ये दाब भरायचा, बंद करायची, पंखा बंद, भिंतीवर दोन ठोके. ठोके पडले की इकडे माझी झेरॉक्स थांबायची, मागे वहिनींचा मिक्सर थांबायचा. मग ते ऐकायचे. केसाएवढ्या चिरेतून निसटणारी हवासुद्धा त्यांना सापडायची.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून लाज वाटते. मागच्या हिवाळ्यात एकदा ठोके पडले, आणि माझ्यासमोर होस्टेलच्या पोरींची रांग. मी मशीन बंद करायला विसरलो. धडधड चालूच. पूर्वी असं झालं असतं तर भाऊंनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी ते हसतमुखाने बाहेर आले आणि म्हणाले, “पक्की.” मला वाटलं, वयाने माणूस मऊ झाला. महिनाभराने मी मुद्दाम चालू ठेवून पाहिली. तेव्हाही तेच. मग मला उमगलं. त्यानंतर मी प्रत्येक वेळी इमानदारीने मशीन बंद करत आलो. त्यांना त्याने काही फरक पडत नव्हता, पण मला पडत होता. आणि तोंडातून मात्र एक शब्द काढला नाही. मोठ्या माणसाला कसं सांगायचं, की भाऊ, तुमचा कान गेला?

तर मंगळवारची मशीन बुधवारी संध्याकाळी परत आली.

“सिलिंडर भरायले दुप्पट टाईम घेऊन राह्यली, मिस्त्री,” सर म्हणाले. “मग इतकी तापते का आपोआप बंद पडते.”

“परत आली?” गुलाबभाऊंनी हे सरांना नाही, मला विचारलं. जणू मी काही सांगू शकणार होतो. आणि खरं तर शकत होतो.

त्यांनी ती पूर्ण उघडली. पिस्टनची रिंग बदलली, नवं ग्रीस भरलं. गुरुवारी सकाळी दोन ठोके पडले, मी झेरॉक्स बंद करून दाराशी गेलो. त्या दिवशी नेमका रस्त्यावरही शुकशुकाट होता. आणि मला ऐकू आलं. अगदी बारीक, सुऽऽ. मी गुलाबभाऊंच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा इतका समाधानी होता की मी नजर रस्त्याकडे वळवली.

“पक्की,” ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी सर मशीन घेऊन पुन्हा दारात. या वेळी सोबत आचल. ही हिंगणीची पोरगी, इथे नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि क्लबची सगळ्यात चांगली नेमबाज. रविवारी तिची नागपूरला निवड चाचणी होती. तीन दिवसांपासून तिचा सराव अडला होता.

“काका, तिथं हवा भराले सत्तर जणांची लाईन राह्यते,” आचल म्हणाली. “मले दोन सिलिंडर इथूनच भरून न्या लागतात. एकात सराव, एकात चाचणी.”

“भरून देतो ना, बाई.”

सर जरा घुटमळले. मग म्हणाले, “राग नका मानू मिस्त्री. आज नाई जमलं तं सांगा. नागपूरले एक नवीन मेकॅनिक बसला म्हणते. रातच्या गाडीनं मीच घेऊन जातो.”

गुलाबभाऊंनी मान हलवली. “संध्याकाळी या,” एवढंच म्हणाले. ते दोघे गेल्यावर त्यांनी मशीनवरून फडका फिरवला. पुन्हा फिरवला. माझ्याकडे बघून म्हणाले, “भूपेंद्र, आठ वर्षांत असं नाई झालं गा.” त्यांचा आवाज ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी दुकानात जाऊन कोरे कागद नीट लावत बसलो. ते आधीच नीट लावलेले होते.

दुपारी एकच्या सुमाराला मशीन फटफटली, थांबली आणि ठोके पडले. मी बटण बंद करून त्यांच्या दाराशी गेलो. भाऊंनी पंखा बंद केला, गॉगल चढवला, कान लावला. आणि मागच्या खोलीत वहिनींचा मिक्सर जोरात फिरत होता. जवसाची चटणी चालली होती, वास येत होता. घरभर घरघर, आणि हा माणूस डोळे मिटून शांतता ऐकत होता.

तेवढ्यात लाईट गेली.

मिक्सर एकदम गप्प झाला. एप्रिलची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मिनिटभराने कमलावहिनी चहाचे दोन ग्लास घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

“हे कायचं वाजून राह्यलं?”

“कुठं काय?” गुलाबभाऊ म्हणाले.

“हे नाई का, सुऽऽ करून. कुकरचं रबर फाटते तवा होते तसं.”

गुलाबभाऊंनी मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “भूपेंद्र, तुले येते आयकू?”

आता पळवाट नव्हती. “येते,” मी म्हणालो.

“काल?”

मी मान खाली घातली. “काल बी येत होतं.”

ते वहिनींकडे वळले. “अन् तुले?”

वहिनींनी ग्लास टेबलावर ठेवले आणि पदराला हात पुसले. “मशीनचं आजच आयकलं. पण तुमच्या कानाचं मले माईत होतं. चार महिने झाले. एक दिवस मी मिक्सर बंद कराले विसरली, तुम्ही काईच बोलले नाई. मंग मी बंद करनंच सोडलं.”

“सांगितलं काऊन नाई?”

“काय सांगू? तुमच्या त्या कानावर तं आपलं घर उभं राह्यलं. पोरीचं लग्न झालं.”

गुलाबभाऊ उठले. मी त्यांना चिडलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण असं नाही. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “कान गेला तं गेला. वय झालं. पण मशीन दोनदा परत आली ते माह्या कानानं नाई. तुमच्या बंद तोंडानं परत आली. त्या पोरीचे तीन दिवस गेले.”

शंभर टक्के खरं होतं. आम्ही दोघांनी त्यांना जपलं, जपलं आणि त्यांचं नाव धुळीला मिळवायला निघालो होतो. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ स्टुलावर बसले, एक ग्लास उचलला आणि सगळा चहा संपेपर्यंत कुणाकडे बघितलं नाही. चहा संपल्यावर ग्लास खाली ठेवला आणि स्टुलावरून उठून बाजूला झाले.

“बस इथं,” ते वहिनींना म्हणाले.

“मी?”

“मंग कोण? कुठून येऊन राह्यलं ते सांग.”

“मले काय समजते त्याच्यातलं?”

“समजाचं नाई, आयकाचं आहे. हा चष्मा घाल. हात जवळ नको नेऊ, तोंड समोर नको आणू, ही हवा चामडी फाडते. कान तिरपा. एक वितीवर. हळूहळू फिरव.”

वहिनी वाकल्या. वाकल्याबरोबर त्यांच्या कानातले झुबे किणकिणले. “हेच वाजते ना मधात,” त्या म्हणाल्या आणि उजव्या कानातला काढून नवऱ्यापुढे धरला. भाऊंनी तळहात पुढे केला. मग वहिनी पुन्हा वाकल्या. नळीच्या टोकापासून सुरुवात केली, तवा पुसावा तशा सावकाश पुढे सरकल्या आणि एका जागी थांबल्या. मागे गेल्या, पुन्हा त्याच जागी आल्या.

“इथं,” त्या म्हणाल्या.

हवेतलं पाणी काढून टाकायला मशीनला एक पितळी स्क्रू असतो. त्या स्क्रूपाशी. गुलाबभाऊंनी त्या स्क्रूकडे पाहिलं. मग मला म्हणाले, “साबणाचं पाणी आण.”

मी न ऐकल्यासारखा तिथेच उभा.

“आण ना बे! बहिरा मी झालो का तू?”

वहिनी फस्सकन हसल्या आणि मग मलाही हसू आवरलं नाही. मी मोरीवरून वाटीत फेस करून आणला. भाऊंनी त्यांच्या दाढीच्या ब्रशने तो स्क्रूला लावला. आधी काहीच नाही. मग एक फुगा आला, मोहरीएवढा. वाढत वाढत वाटाण्याएवढा झाला, थरथरला आणि फुटला. त्याच्या जागी दुसरा.

“दिसते,” गुलाबभाऊ म्हणाले. “बापा, हे तं दिसते.” एवढी वर्षं ज्या गोष्टीला नावं ठेवली ती ते मान वर करून, खाली करून, पोराच्या नवलाईने बघत होते.

दाब सोडून त्यांनी स्क्रू उघडला. खालच्या वॉशरवर केसाएवढा ओरखडा. तो वॉशर मंगळवारी त्यांनी स्वतःच बसवलेला. थंड असताना थोडीच हवा जायची, तापलं की वॉशर नरम पडून जास्त. त्यांनी नवा वॉशर काढला, उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिला आणि बसवला. बोटं अजून तरण्या माणसाची आहेत त्यांची.

संध्याकाळी लाईट आलेली होती. सर आणि आचल आले. मशीन तयार होती, तिच्यात दाब भरलेला होता. मी मुद्दामच तिथे थांबलो होतो. भाऊ काय सांगतात, किती सांगतात, याची मला धाकधूक होती. वॉशर खराब होता म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं.

“सर, मशीन झाली,” गुलाबभाऊ म्हणाले. “पन एक गोष्ट आहे. दोनदा परत आली ती माही चुकी. मले आता बारीक आयकू येत नाई. चार-सहा महिने झाले असन. आजची गळती हिनं शोधली, साबणानं पक्की केली. यापुढं कान हिचा राहीन, हात माहा. चालत असन तं न्या. नाईतर नागपूरची गाडी आहेच, मी राग नाई मानत.”

योगेंद्र सरांनी भाऊंकडे पाहिलं, मग वहिनींकडे. हात बांधले आणि आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

“आयका वहिनी,” ते म्हणाले. “मी दम हळू घेतो.”

भाऊंनी पंखा बंद केला. पान्याने भिंतीवर दोन ठोके दिले. माझ्या दुकानात तेव्हा झेरॉक्स बंदच होती, तरी मी जाऊन बटण पाहून आलो. वहिनींनी झुबा काढून भाऊंच्या हातात दिला, गॉगल लावला आणि वाकल्या. त्या घाई करत नव्हत्या. नळी, जोड, पितळी स्क्रू, पुन्हा नळी. आचलने ओठ घट्ट मिटले होते. पण मी बघत होतो गुलाबभाऊंकडे. मूठ मिटून, श्वास धरून ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढी वर्षं लोक त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे तसेच.

वहिनी सरळ झाल्या. पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलल्या.

“काय म्हनते?” भाऊंनी विचारलं.

“पक्की!” वहिनी इतक्या जोरात ओरडल्या की समोरच्या मेसमधली पोरं बाहेर येऊन बघू लागली.

गुलाबभाऊंनी पंख्याचं बटण दाबलं. मशीनचं झाकण दोनदा पुसलं. मग तिथेच आचलची दोन्ही सिलिंडरं भरली. दोन-दोन मिनिटांनी थांबून पाणी काढलं, मशीन थंड होऊ दिली. पूर्वीसारख्याच वेळात सिलिंडरं भरली.

“काका,” जाताना आचल म्हणाली, “आमच्या ओपीडीत कान दाखवून घ्या. मी नंबर लावते.”

“तू रविवारचं पाह्य आधी.”

रविवारी आचलचा चौथा नंबर आला. चार जणींना घेणार होते. तिने पहिला फोन आईला केला आणि दुसरा वहिनींना, कारण भाऊंना फोनवर नीट ऐकू येत नाही हे आता सगळ्यांना मोकळेपणाने माहीत होतं. पुढच्या आठवड्यात ती त्यांना ओपीडीतही घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता कान बरा राहील, कानाला मशीन लावली तर अजून बरा. पण ते अगदी बारीक आवाज गेले ते गेले. भाऊ घरी येऊन मला म्हणाले, “जाऊ दे गा. त्यायनं लय दिवस साथ देल्ली.” आणि ते माझ्या काउंटरपाशीच टेकले. मी चहा मागवला.

पाटी तशीच आहे. वडनेरच्या गृहस्थांनी चिवड्यासोबत या वेळी चार साबणवड्या पाठवल्या, बातमी कुठून कुठे जाते बघा. गुलाबभाऊ साबण वापरतात, पण आधी नाही. आधी कान, मग साबण, मग ‘पक्की’. त्या क्रमात ते बदल करत नाहीत. एकही मशीन त्यानंतर परत आलेली नाही.

आज सकाळी अमरावतीची एक मशीन आली होती. अकराच्या सुमाराला दोन ठोके पडले. समोर गिऱ्हाईक होतं, एम.बी.बी.एस.चा कुणी नवा पोरगा, त्याला कळेना मी अचानक बटण का बंद केलं. मी ओठांवर बोट ठेवलं. मागचा मिक्सर थांबला. पंखा थांबला. वहिनींची पावलं आली, स्टूल सरकलं.

मग प्लायच्या पलीकडे, आता त्यासाठीच ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत, त्यांनी कानातला झुबा ठेवला. किण् असा एक अगदी बारीक आवाज झाला. तो मला ऐकू आला, त्या नव्या पोरालाही आला.

“ठेवला का?” गुलाबभाऊंनी विचारलं.

“ठेवला,” वहिनी मोठ्याने म्हणाल्या.